एक टेबल, दोन लॅपटॉप आणि हणमंताचा तांब्या

एका गावात एक भोळा हिशेबनीस राहत होता. हणमंत त्याचं नाव. सांगितलेलं काम जसंच्या तसं करणार, डोकं म्हणून मधे आणणार नाही. दूध डेअरीचे हिशेब तो घरीच लॅपटॉपवर करायचा. त्याची बायको वैजयंता, तीही घरूनच एका कंपनीचं काम करायची. लॅपटॉप दोन, टेबल मात्र एकच. टेबलावर मोठा स्क्रीन, कीबोर्ड, माउस आणि या सगळ्यांची मिळून एक वायर. ती ज्याच्या लॅपटॉपला लागेल, टेबल त्याचं. सकाळी हणमंताचं, दहानंतर वैजयंताचं. शुक्रवारी साहेब तिची मुलाखत घेणार होते. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. त्यामुळे बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

सोमवारी ती म्हणाली, "अहो, दहाला टेबल मोकळं करा हं."

दहाला येऊन बघते तर काय! स्क्रीन माळ्यावर, कीबोर्ड तांदळाच्या डब्यात, माउस देवघरात.

"अहो, हे काय?"

"मोकळं केलं. फडकंसुद्धा मारलं."

"अरे देवा! सगळं जागच्या जागी राहू द्यायचं. वेळ झाली की फक्त वायर उपटायची आणि पुढच्यानं हातात घ्यायची. कळलं?"

"हात्तिच्या! एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी हणमंत केस कापायला गेला. सलूनवाल्या बबननं त्याला दहाची वेळ दिली होती. खुर्चीत सरपंच बसलेले. बबन मशीननं त्यांची मिशी कोरत होता. दहा वाजले. हणमंत उठला. सरपंचांना जागच्या जागी राहू दिलं आणि फक्त वायर उपटली. बबनच्या हाताला असा हिसका बसला की सरपंचांची अर्धी मिशी सफाचट झाली. हणमंत वायर हातात धरून म्हणाला, "उठा सरपंच, आता खुर्ची माझी."

सरपंच तोंडाला उपरणं लावून थेट घरी आले आणि वैजयंतासमोर नको नको ते बोलले. ते गेल्यावर ती नवऱ्यावर कडाडली, "कुणाचं काम चालू असताना मधे हात घालू नये! ते संपलं असं कळेपर्यंत हाताची घडी घालून गप उभं राहावं!"

"बरं."

गुरुवारी ती दूध तापत ठेवून मुलाखतीची तयारी करायला बसली. म्हणाली, "जरा दुधाकडे बघा हो."

हणमंतानं बघितलं. दूध वर आलं. तेही बघितलं. दूध ओट्यावर आलं, ओट्यावरून फरशीवर आलं. हणमंत हाताची घडी घालून उभा.

"अहो, जळकट वास येतोय! करताय काय?"

"उभा आहे. त्याचं काम अजून चालू आहे."

वैजयंतानं कपाळावर हात मारला. "तापलं आणि सूंऽऽ करायला लागलं की कुणाची वाट बघू नये! पाण्याचा हबका मारावा, तिथल्या तिथं शांत होतं."

"मग हे आधी सांगायचं ना!"

शुक्रवार उजाडला. वैजयंता नवी साडी नेसून टेबलाशी बसली. बसताना तिनं दम भरला, "आज वायरीला हात लावलात तर बघा!"

"छे! नाव नको."

मोठ्या स्क्रीनवर साहेब आले. ते विचारतील त्याचं उत्तर बाईंच्या तोंडात तयार. साहेब खूश. तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला. सूंऽऽ! हणमंतानं कान टवकारले. दबक्या पावलांनी येऊन लॅपटॉपला बोट लावलं. चांगलाच तापला होता! धावत जाऊन त्यानं तांब्या भरून आणला आणि मारला हबका.

लॅपटॉप तिथल्या तिथं शांत झाला. स्क्रीन काळा. हणमंतानं वायरीला बोटही लावलं नव्हतं, तेवढं मात्र खरं.

पण बाई खमकी. रडणं पुढे ढकललं, झटक्यात हणमंताचा लॅपटॉप ओढला, वायर त्याला जोडली. साहेब पुन्हा हजर.

"काय झालं हो?"

"काही नाही सर, दुसऱ्या लॅपटॉपवर आले."

"वा! अडचण आली तरी अडून न बसणारी अशीच माणसं हवीत आम्हाला. तर वैजयंताबाई, आजपासून तुमची नोकरी..."

सूंऽऽ!

साहेबांचं वाक्य सरपंचांच्या मिशीसारखं अर्धंच राहिलं.

वैजयंता भिंतीला टेकून मटकन खाली बसली. हणमंतानं तांब्या खाली ठेवला. दोन्ही लॅपटॉप उचलले, अंगणात नेऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. मग आत येऊन टेबलावरून छान फडकं मारलं आणि प्रेमानं हाक दिली, "वैजू, ऊठ गं! टेबल मोकळं केलंय. आता दिवसभर तुझंच!"