गोजराचं पेव

आमच्या निंबळखेडात कुणाच्या घरातून एखाद्या बाईचा तावातावाचा आवाज आला, तर भांडण सोडवायला धावू नका. बहुधा तिथं वर्षाची ज्वारी भरून ठेवायचं काम चाललेलं असतं. देवळामागं हा चौकोनी दगड दिसतो ना, तिथून ती रीत सुरू झाली. याच्याखाली पेव आहे, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. तेव्हा इथं घर होतं आणि हे पेव त्याच्या अंगणात. याला गोजराचं पेव म्हणतात. खरं तर ते गोजराचं नव्हतंच, आणि सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

गोजरा थोरली जाऊ, म्हाळसा धाकटी. वाटण्या झाल्या तेव्हा पेव धाकटीकडं गेलं आणि थोरलीला बांबूच्या कणग्या मिळाल्या, असं सांगतात. "प्याव तिच्या वाट्याला अन् उंदीर माझ्या," असं गोजरा पाणवठ्यावर येईल-जाईल त्याला ऐकवायची. म्हाळसा कामाला पक्की होती. ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवायची, पेवाला तळापासून कडब्याचं अस्तर द्यायची, थराथरात कडुनिंबाचा पाला घालायची. तिचा दाणा दोन-तीन वर्षांनी काढला तरी कालचाच वाटे. गोजराच्या कणगीत मात्र पावसाळा सरायच्या आत टोके किडे पडत. लोक म्हाळसाचं कौतुक करत आणि इकडं गोजराच्या अंगाचा तिळपापड होई. मत्सराला औषध नाही हो! स्वतःच्या कणग्या लिंपायच्या सोडून ही बाई दुसरीच्या पेवाकडं बघत बसे.

एका सुगीला पेव भरून झालं, वर दगड बसला आणि नेमकं म्हाळसाचं तान्हं रडू लागलं. "जाऊबाई, तेवढं त्वांड लिंपून द्या की," असं म्हणून ती आत गेली. गोजरानं शेणमाती कालवली, सगळीकडून छान हात फिरवला, आणि दगडाच्या कडेला बोटभर फट तशीच ठेवून वर काडीकचरा पसरला. एकदा तरी हिच्या दाण्याला पाणी लागू दे, हिच्याही घराला कुबट वास सुटू दे, एवढंच तिच्या मनात होतं म्हणे.

त्या वर्षी पाऊस झाला. पुढं मात्र त्यानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, गुरं गेली, दोघींचे नवरे कामाच्या शोधात मुलूख सोडून गेले. गोजराच्या कणग्यांत नुसता भुसा उरला. म्हाळसा रोज तिच्या दारी येऊन सांगे, "जाऊबाई, घाबरू नगा. आपलं प्याव हाय की. अगदीच मेटाकुटीला आलो की उघडू." आपलं! तो शब्द गोजराच्या काळजात सुरीसारखा फिरे. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर दुसरी काही सोय बघता आली असती, पण तिची जीभ रेटली नाही.

शेवटी दोन्ही घरची लेकरं अंथरुणातून उठेनाशी झाली, तेव्हा दगड सरकवला. कुजक्या वासाचा भपकारा आला. दोरीनं दिवा आत सोडला, तो विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. पेवात दिवा जगत नसेल तर माणूसही जगत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी म्हाळसानं कासोटा आवळला. "लेकरं थांबायची न्हाईत," म्हणाली. तेव्हा गोजरानं तिला मागं ओढलं. "म्या नासवलंय ते. फट मीच ठिवली हुती," एवढं बोलली आणि स्वतः आत उतरली.

पाणी वरून लागलेलं. वरच्या थराची काळी खपली झाली होती, ती तिनं हातांनी फोडली. खाली दाणा शाबूत होता. त्या हवेत ती कशी तगली, देव जाणे. ती पाटी भरे, म्हाळसा दोरीनं वर ओढे, आणि दर पाटीबरोबर आतून आवाज येई. "प्याव तुला मिळालं म्हनून जळले." "तुझी भाकर फुगती म्हनून जळले." "सासू जाताना तुझं नाव घेऊन गेली म्हनून जळले." म्हाळसा रडत होती आणि ओढत होती. मग एक पाटी वर आली, तिच्यात दाणे होते, पण आवाज आला नाही. म्हाळसा पेवाच्या तोंडाशी पालथी पडून ओरडली, "बोला जाऊबाई! आनखी बोला!"

गावातली माणसं धावली, तिला वर काढलं, पण उशीर झाला होता. त्या दाण्यावर दोन्ही घरची लेकरं जगली. म्हाळसानं त्या पेवात पुन्हा धान्य भरलं नाही. दगड बसवला आणि जावेचं नाव दिलं. जे मिळालं नाही म्हणून ती जन्मभर जळली, ते असं तिच्या नावावर झालं.

आता पेवं गेली. पत्र्याच्या कोठ्या आणि प्लास्टिकची पिंपं आली. पण आजही आमच्या गावात वर्षाचं धान्य भरलं की झाकण घरच्या बाईनं लावायचं नाही. जिच्याशी आपलं पटत नाही, तिलाच बोलवायचं. परवा आमच्या मंडळींनी धाकट्या जावेला बोलावलं होतं. झाकण लावण्याआधी बोलावलेल्या बाईनं मनातली सगळी जळजळ बोलून टाकायची. तुझा लेक नोकरीला लागला, तुझ्या घरात फरशी आली, तुला पाटल्या झाल्या, जे असेल ते. घरच्या बाईनं उलट उत्तर द्यायचं नाही, रागावायचंही नाही. ती पिंपाला हात लावून ऐकत बसते. आणि समोरची, वयानं लहान असो की मोठी, जराशी गप्प झाली की घरची बाई घाबऱ्या आवाजात म्हणते, "बोला जाऊबाई, आनखी बोला."