कुंकू लागलेलं वजन

वाफेवर यंत्रं चालायची त्या काळी एका कारखान्यात पितळेचं एक वजन होतं. वाफेचा दाब दाखवणारे सगळे गेज त्याच्याशी ताडून पाहायचे. त्याच्यावर दाबाचा आकडा कोरलेला होता; त्याच्या भाराखाली गेजच्या काट्याने तोच आकडा दाखवायचा.

खंडेनवमीला सावळाराम मिस्त्रींनी हत्यारांची पूजा केली आणि वजनालाही तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली. झालं, स्वारीचा रुबाब वाढला! दुसऱ्या दिवशी मलमलीचा फडका पुसायला आला, तर वजन डाफरलं, "दूर हो! मी काय खरकटं भांडं आहे?"

"अहो, कुंकू पुसलं नाही तर भार चुकेल."

"माझी चूक काढायला दुसरं माप आहे का इथे?"

मिस्त्रीही म्हणाले, "राहू दे रे, पूजेचं कुंकू आहे."

वर्षानुवर्षं तेल, कुंकू आणि धुळीचे थर चढत गेले. वजन जड झालं, तरी गेज त्याच्यावरच्या जुन्या आकड्याशीच जुळवले गेले आणि सगळे इमानाने कमी दाब दाखवू लागले. एके दिवशी बॉयलरचा सांधा उडाला आणि वाफेने सावळारामांचा हात भाजला. काटा तेव्हाही सुरक्षित खुणेवरच होता.

"गेज नालायक," वजन म्हणालं.

नवं वजन आलं. जुनं आता वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी पडलेलं असतं. खंडेनवमीला मात्र सावळाराम त्याच भाजलेल्या हाताने त्याला कुंकू लावतात. मग ते दाराला ऐकवतं, "पाहिलंस? माझ्यावाचून यांचं पान हलत नाही."