रेघुलीच्या केकची टोपी

नारळांच्या बागेत दुपार पेंगत होती. माडाच्या ढोलीत एक बाळ झोपलं होतं. पिटुक त्याचं नाव. खारीचं बाळ ते. अजून त्याचे डोळे मिटलेलेच.

आई हळूच म्हणाली, "आज पिटुक डोळे उघडणार. पहिल्यांदाच!"

पिटुकची ताई रेघुली. इवलीशी खार. पाठीवर तीन रेघा. ती म्हणाली, "मग त्याला आधी केक दिसू दे!"

बागेच्या टोकाला फिलूमावशीची बेकरी. मावशीने रेघुलीला केक दिला. सुपारीएवढा! वर पांढरी गोड टोपी.

रेघुली निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. ओढ्यावर फांदी होती. फांदी हलली. टोपी घसरली.

डुबुक्!

माशाने टोपी गिळली. गट्ट!

केक उघडाच राहिला. रेघुलीचे डोळे भरले. आता पिटुकला काय दाखवू?

तुरू तुरू, तुरू तुरू. रेघुली परत बेकरीत गेली. केक टेबलावर ठेवला. पातेल्यात साखरेचा पाक होता.

"पाकदादा, पाकदादा! केक नटेना. चमक ना रे!"

पाक म्हणाला, "मी पातळ. मी ओघळतो, सुर्र सुर्र. चमकतो खूप, पण थांबत नाही. आधी आयसिंगने कड घालावी. मग मी चमकेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. रेघुली गेली आयसिंगकडे. आयसिंग कागदाच्या कोनात ताठ बसलं होतं.

"आयसिंगकाका, आयसिंगकाका! पाक चमकेना, केक नटेना. कड घाला ना!"

आयसिंगकाका म्हणाले, "मी दाट. मी वाळतो. टणक होतो, टक् टक्. पण मला बसायला गादी हवी. आधी क्रीमने फुगावं. मग मी कड घालेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. रेघुली गेली क्रीमकडे. लोण्याचं क्रीम ते. वाडग्यात गोळा होऊन पडलं होतं.

"क्रीमताई, क्रीमताई! आयसिंग कड घालेना, पाक चमकेना, केक नटेना. फुग ना गं!"

क्रीमताईने जांभई दिली. "मी मऊ. मी वाळत नाही, मी ओघळत नाही. फुगले की कापसासारखी! पण आत्ता मी गोळाच. आधी मावशीने फेटावं. मग मी फुगेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. रेघुली गेली मावशीकडे. मावशी खुर्चीत डुलत होती.

"मावशी, मावशी! क्रीम फुगेना, आयसिंग कड घालेना, पाक चमकेना, केक नटेना. फेट ना गं!"

मावशीने एक डोळा उघडला. "अगं बाय माझी! लोणी बघ कसलं गार. नुसता दगड! आधी उन्हाने खिडकीत यावं. मग मी फेटेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. रेघुली चढली माडावर. उंच, उंच, उंच. ऊन ढगामागे लपलं होतं.

"ऊनबाई, ऊनबाई! मावशी फेटेना, क्रीम फुगेना, आयसिंग कड घालेना, पाक चमकेना, केक नटेना. ये ना गं!"

ऊनबाई म्हणाली, "मी ढगाच्या दुलईत आहे, बाळा. आधी ढगाने हलावं. मग मी येईन."

रेघुलीने मान आणखी वर केली.

"ढगोबा, ढगोबा! ऊन येईना, मावशी फेटेना, क्रीम फुगेना, आयसिंग कड घालेना, पाक चमकेना, केक नटेना. हला ना!"

ढगोबा पुटपुटले, "मला कुठे पाय आहेत? आधी वाऱ्याने उठावं. मग मी हलेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. रेघुली उतरली खाली. वारा गवतात निजला होता. घुर्र… घुर्र…

"वारेदादा, वारेदादा! ढग हलेना, ऊन येईना, मावशी फेटेना, क्रीम फुगेना, आयसिंग कड घालेना, पाक चमकेना, केक नटेना. ऊठ ना रे!"

वारा कुशीवर वळला. "झोपू दे गं."

रेघुली ओरडली नाही. ती त्याच्याजवळ बसली. हळूच म्हणाली, "माझा पिटुक आज डोळे उघडणार." आणि शेपटीच्या गोंड्याने वाऱ्याच्या नाकाला गुदगुल्या केल्या.

गुदू गुदू. गुदू गुदू.

वारा हसला. फिस्स! वारा उठला. फूऽऽऽ!

वारा उठला, ढग हलला.
ढग हलला, ऊन आलं.

ऊन बेकरीच्या खिडकीतून आत आलं. मागोमाग रेघुलीही आली. लोण्यावर बसलं. लोणी झालं मऊ मऊ.

मावशीने पदर खोचला. फट् फट् फट् फट्! मावशीने फेटलं, क्रीम फुगलं. केकवर पसरलं, गादी झाली.

गादी झाली, आयसिंगने कड घातली. गोल गोल गोल. उन्हात वाळली. टक् टक्!

मग मावशीने पाक ओतला. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. पाक ओघळत ओघळत कडेपाशी आला.

आणि थांबला.

पाक चमकला! केक नटला! इवल्याशा केकवर इवलंसं आभाळ दिसू लागलं. त्यात एक ढग चालला होता. हळू… हळू…

"सांभाळून जा गो," मावशी म्हणाली.

रेघुली धावली नाही. फांदीवर सावकाश. माडावर सावकाश. तुरू… तुरू… तुरू…

ढोलीत पिटुक चुळबुळला. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. लुक् लुक् लुक्.

त्याने केक पाहिला. चकाक!

मग त्याने रेघुलीला पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आणि आपलं ओलं नाक तिच्या नाकाला लावलं.

"केक तू खा गं," आई म्हणाली. "तो अजून दूधच पितो."

रेघुलीने पाक चाटला. चिक् चिक्.
कड चावली. कुडुम्!
क्रीम जिभेवर ठेवलं. अरेच्चा, गेलं कुठे?

वारा ढोलीबाहेर गुणगुणत होता. आईने दोघांवर शेपटी पांघरली.

गोष्ट निजली ढोलीत, गोडी उरली बोटाला!