पुढच्याच्या पाण्यात

एकदा एक तरुण जलतरणपटू हंगेरीतल्या एका विशाल सरोवराकाठी राहत होता. तासन्‌तास चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याच्या थोरल्या भावाने मोठे नाव कमावले होते. सरावात थोरला पुढे असे आणि धाकटा त्याच्या पायांशी. पुढचा पाणी कापतो, म्हणून मागच्याला ते हलके लागते. हिवाळ्यात थोरला आजाराने गेला. धाकटा रडला नाही. तो नुसता वेगाने पोहू लागला.

दर शर्यतीत तो सर्वांना टाकून एकटाच सुसाट निघे आणि निम्म्या वाटेत हातपाय गळाले की त्याला नावेत ओढून घ्यावे लागे. आता मोसमातली शेवटची शर्यत उरली होती. तीही अर्धवट सुटली, तर संघातून त्याचे नाव जाणार होते.

दोघा भावांना शिकवणारे वृद्ध गुरू म्हणाले, "आज घोळक्यात राहा."

"दादाला सोडून दुसऱ्या कुणाच्या पायांमागे जाऊ? मला नाही जमणार, गुरुजी."

"मग एकट्यानं सगळं सरोवर पिऊन टाक," असे म्हणून गुरुजी सरोवरातल्या तराफ्यावर जाऊन उभे राहिले.

या शर्यतीत तराफ्याला हात लावणारा बाद होतो. म्हणून दर फेरीला गुरू लांब काठीच्या टोकाला गोड पेयाचा पेला अडकवून धरतात आणि शिष्य पाण्यातूनच तो घेतो. पहिल्या फेरीअखेर तरुण सर्वांच्या कितीतरी पुढे आला. त्याने हात उंचावला, तोच गुरुजींनी काठी वर उचलली.

"गुरुजी, पेला."

"बाकीचे येऊ देत. मग घे."

तो पाण्यात तरंगत म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलला. घोळका आला, पिऊन पुढे गेला. मगच काठी खाली आली. आता तो सर्वांत मागे होता. नाइलाजाने त्याने एका रुंद पाठीच्या परक्या पोहणाऱ्याच्या पायांमागे वाट धरली. पाणी एकाएकी हलके झाले. ती ओळखीची ओढ लागताच चष्म्याआड त्याचे डोळे भरून आले. हात मात्र चालत राहिले. तो आठवा आला, पण शर्यत पुरी करून आला.

"तुम्ही माझा पहिला नंबर घालवलात," काठावर तो म्हणाला.

"नावेत चढणाऱ्याला नंबर नसतो." गुरुजींनी त्याच्या खांद्यावर पंचा टाकला. "तुला वाटतं, दुसऱ्याच्या मागे गेलो तर दादाची जागा पुसली जाईल. अरे, तुझा दादा वर्षानुवर्षं परक्यांच्याच पायांमागे पोहत आला. ज्यांना हरवायचं, त्यांच्याच पाण्यात तो अर्धी वाट काढायचा. सरावात तू त्याच्या मागे होतास, म्हणून तुला तो नेहमी पुढेच दिसला. त्यानं पाणीसुद्धा एकट्यानं कापलं नाही, आणि तू एवढं दुःख एकट्यानं कापायला निघालास."

 तरुणाने पंच्यात तोंड खुपसले.

पुढे तो नद्यांत पोहला, खाड्यांत पोहला, समुद्रात पोहला. कधी कुणाच्या मागे, कधी सर्वांच्या पुढे. अशाच एका शर्यतीत मागच्या कुणाची तरी बोटे त्याच्या तळपायांना सारखी लागत होती. एरवी अशा वेळी पोहणारे चिडून लाथ झाडतात. त्याने पाय जरा हलके मारले आणि त्या अनोळखी माणसाला आपल्या पाण्यात राहू दिले.