दवण्याचं तेल

“म्हणजे बुवा, तेव्हा मला सांगितलंत ते खोटं होतं?”

मठाच्या अंगणात पाऊल टाकायच्या आतच श्रीपतीनाथांनी विचारलं. शहरातून थेट आले होते. अंगावर रेशमी उपरणं, कपाळावर घाम.

कोंडीबुवा दवण्याचं तेल काढायच्या भट्टीपाशी उकिडवे बसले होते. हंड्याखालचा जाळ सारखा करत त्यांनी वर पाहिलं.

“अरे, श्रीपती! जाडा झालास. बस.”

श्रीपतीनाथ बसले नाहीत.

तरुणपणी ते याच मठात राहिले होते. तेव्हा बुवांनी त्यांना एकच उपदेश केला होता: मौन पाळ. त्या उपदेशावर त्यांनी शहरात मोठा आश्रम उभा केला. तिथं शेकडो माणसं तोंडाला कुलूप लावून राहत. आणि आता तिकडे बातमी पोचली होती, की खुद्द बुवा दिवसभर गप्पा मारतात आणि आल्यागेल्याला म्हणतात, ‘बोल बाबा, मोकळा हो.’

“माझे शिष्य मला हसतात, बुवा. आवाज न करता हसतात. ते जास्त लागतं.”

“लागणारच.”

“एकदाच काय ते सांगा. मौन की बोलणं? खरं कोणतं?”

बुवांनी भट्टीकडे बोट केलं. नळीच्या टोकातून बाटलीत एक थेंब पडला... मग आणखी एक...

बाटलीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत होता. बुवांनी त्यात काडी बुडवली आणि श्रीपतीनाथांच्या नाकाखाली धरली.

श्रीपतीनाथांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

“हा दवणा नाही. तुम्हाला कुणीतरी फसवलंय. आपला दवणा कसा होता! कडू, हिरवा, नाकात शिरला की डोळ्यांत पाणी. हे तर पिकल्या फळासारखं गोड वाटतंय. काय मिसळलंय यात?”

“काही नाही. तेच वावर, तेच बियाणं. तेव्हा आपण कळी धरायच्या आधी कापायचो. आता फुलोऱ्यात कापतो. फुलं आली की तेल पालटतं.”

“तेव्हा आधी कापण्यामागे काही शास्त्र असेल...”

“शेजारच्या शेळ्या तुडवायच्या.”

श्रीपतीनाथ ओट्यावर टेकले.

“आणि मला मौन का सांगितलंत?”

“तू फार बोलायचास.”

“एवढंच?”

“भाकऱ्या करपायच्या रे. तू बोलत राहायचास, आम्ही ऐकत राहायचो.”

“बुवा!” श्रीपतीनाथांचा आवाज चिरकला. “तिकडे शेकडो माणसं गप्प बसवलीत मी. त्यांत एक नवराबायको आहेत. आश्रमात आल्यापासून एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?”

“सुखात आहेत?”

“...फार.”

“मग त्यांना सांगू नकोस.”

श्रीपतीनाथांनी ओठ आवळले. खांदे हलायला लागले. आणि मग ते असे खो खो हसत सुटले, की त्यांना ठसका लागला, डोळे गळायला लागले. बुवांनी पाठीवर थोपटलं, पाणी दिलं.

ठसका थांबल्यावर श्रीपतीनाथांनी उपरणं काढून बाजूला ठेवलं. भट्टीशी येऊन बसले. एक लाकूड आत सारलं.

“पण बुवा,” ते हळूच म्हणाले, “खरा दवणा मग कोणता? तेव्हाचा की आताचा?”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. कुंपणाकडेला एक वाफा न कापता उभा होता. त्याची फुलं वाळून तपकिरी झाली होती, बोंडांत बी भरलं होतं. बुवांनी विळा श्रीपतीनाथांच्या हातात दिला.

“हा म्हातारा दवणा मुद्दाम राखलाय. चल, आज याचं तेल काढू.”

श्रीपतीनाथ वाफ्यात वाकले. मूठभर दवणा हातात धरून थांबले.

“याचा वास कसा असतो?”

“मला काय ठाऊक? मी अजून तेवढा म्हातारा कुठे झालोय!”