रिकाम्या दगडांचा होकार

फार पूर्वी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ऊन कलताना जंगलाची सभा कातळावर भरली होती. डोहातलं उरलेलं पाणी वाटायचं होतं. साळू तान्ह्या पिलांसाठी पाणी मागत होती, रानडुकराला ते लोळायला हवं होतं. बाकीचे सदस्य भांडून दुपारीच निघून गेले होते.

"सभापती, पिलं मरतील हो!"

"साळूबाई, काटे आवरा," रानडुक्कर हसलं. "आम्ही लोळलो नाही, तर जंगल राखणार कोण?"

"वेळ संपली. आता चर्चा नाही, नुसता आवाजी होकार," सभापती गवा म्हणाला. "पाणी लोळणीला?"

"होय!" मागून चाळीस गळे गरजले.

साळूने वळून पाहिलं. मागे रिकामे दगड होते.

तिसऱ्या दिवशी पिलं गेली. कातळावर तिघंच असताना चाळीस होकार कोणी दिले, हे गव्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.