उलटी दवंडी

"तीन वेळा सांगितलं, बाबा. स्वच्छ, सावकाश सांगितलं. तरी लोक चुकीच्याच दिवशी कसे गेले?"

येदूबाबा विस्तवावर हलगी शेकत बसले होते. चाळीस वर्षं वडजळ गावात दवंडी दिलेला माणूस. गावाला रेडिओ आला, दवंडी थांबली. पण त्यांनी हलगीचं कातडं सैल पडू दिलं नाही.

विचारणारा कौस्तुभ. शहरातून वर्षभराच्या सेवेला आलेला, गावच्या रेडिओवर पोरापोरींना बोलायला शिकवणारा. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं. डोळे तपासायला डॉक्टर खालच्या गावात येणार, वर्षातून एकदाच, ते गुरुवारी. रेडिओवर त्या शिकणाऱ्या पोरांपैकी सारिकानं सांगितलं सोमवार. चूक कळली तसा कौस्तुभनं माइक आपल्याकडं घेतला आणि गुरुवार सांगितला. तरी सोमवारी सतरा म्हातारी माणसं घाट उतरून गेली, बंद दारापुढं बसली आणि काठ्या टेकत परत आली.

आता गुरुवार परवावर आलेला. कुणी पाऊल उचलायला तयार नाही. नळावर बायका सारिकाला म्हणाल्या, "काय गं डाक्टरीणबाई, आज वार कंचा?" तेव्हापासून पोरगी घराबाहेर नाही. तिच्यामागं बाकीची चौघंही रेडिओकडं फिरकेनात.

"तुम्ही सांगा लोकांना," कौस्तुभ म्हणाला. "तुमचं ऐकतील."

"सोमवार कुणी सांगितला?"

"सारिकानं."

"आन् गुरुवार?"

"मी."

"मग बराबर हाय. गावानं आपल्या पोरीचं ऐकलं."

"पण तिचं चुकलं होतं!"

बाबांनी हलगी परतली. बोटानं टिचकी मारून बघितली...

"माझंबी चुकायचं. एकदा बाजार मोडला म्हणून सांगून आलो, आन् बाजार भरलेला. पाटलानं दुसरा गडी न्हाई धाडला. ज्या तोंडानं चुकलं त्याच तोंडानं उलटं फिरायचं, शेवटल्या दारापासनं पयल्या दारापातुर. लांबच्याचा हेलपाटा मोठा, म्हणून लांबचं दार आधी."

कौस्तुभला हायसं वाटलं. "तेच म्हणतोय मी. सारिकानंच फिरून माफी मागायला हवी."

"मागंल की. तिला सोमवार कुठं घावला?"

"कागदावर होता."

"कागद कुणाचा?"

दारातल्या शेळीनं दोनदा कान झाडले.

"माझा."

"तिनं इचारलं न्हाई?"

विचारलं होतं. 'दादा, डॉक्टर दरसाल बाजारच्या दिवशी येतात. बाजार गुरुवारचा. मग सोमवार कसा?' आणि घड्याळाकडं बघत तो म्हणाला होता, 'लिहिलंय तेवढं वाच.'

"विचारलं होतं," तो म्हणाला. मग खाली बघत, "...आणि नंतर रेडिओवर मी सांगितलं, वाचणारीची चूक झाली."

बाबा रागावले नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गरम हलगी त्याच्या गळ्यात अडकवली.

"मला वाजवता येत नाही, बाबा."

"तेच ब्येस. हसायला तरी लोक भाईर येतील." मग त्यांनी विचारलं, "गावातलं शेवटलं दार कुणाचं रं?"

ओढ्यापलीकडं एकच घर होतं. कौस्तुभच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"...सारिकाचं."

"मग नीघ."

तो निघाला आणि उंबऱ्यातच थांबला. सवयीनं खिशातून पेन काढलं, तळहात पुढं धरला.

"तिच्या दारात काय बोलू, बाबा? सांगा, नीट लिहून घेतो."

बाबांनी त्याच्या बोटांतून पेन अलगद सोडवलं आणि आपल्या कानावर खोचलं.

"ते तिलाच इचार."